पर्पेच्युआचं पोहणं

होडी उलटली तेव्हा पर्पेच्युआ हसत होती. समोरच्या फळीवर तिचा नवरा कॉस्मस नवरीच्या काकाची नक्कल करत होता, पोट पुढे काढून, डोळे फिरवत. शेजारी बसलेल्या कार्मेनच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायला लागलं होतं. सगळे पलीकडच्या गावात लग्नाला निघाले होते. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. कुणाच्या तरी मांडीवर मैद्याच्या तळलेल्या फुग्यांची टोपली होती आणि त्यांचा वास सगळ्या होडीत भरला होता. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी वाळूच्या दांड्यावर आपटत होतं. होडी एका अंगाला कलली, माणसं घाबरून दुसऱ्या अंगाला सरकली, आणि पुढचं सगळं पाण्याखाली झालं.

कार्मेनचा हात तिच्या हातात होता. मग नव्हता. छातीवर काहीतरी जोरात आदळलं. ती होडीची सुटलेली फळी होती. पर्पेच्युआने ती धरली की फळीच तिच्या काखेत येऊन अडकली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. संध्याकाळी कोळ्यांना ती तिवरांच्या चिखलात सापडली, फळीसकट. होडीतलं दुसरं कोणीही जिवंत सापडलं नाही. नावाडीसुद्धा नाही.

ही १९५४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मालाडच्या पश्चिमेला खाडीकाठी ते ख्रिस्ती गाव होतं. भातशेती, थोडी मासेमारी, आणि तरुण पोरं शहराकडे कामाला. कॉस्मस आरे कॉलनीत यंत्रांच्या दुरुस्तीवर होता. तो लहानपणापासून खाडीत पोहणारा. पर्पेच्युआला पोहता येत नव्हतं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

पोहणारे बुडाले आणि न पोहणारी वाचली, याचा अर्थ लावल्याशिवाय गावाला चैन पडेना. अर्थ लवकरच सापडला. पर्पेच्युआच्या गळ्यात माऊलीचं, येशूच्या आईचं, पदक होतं.

"माऊलीनेच हात दिला," शेजारणी म्हणू लागल्या.

पर्पेच्युआ तापातून नुकतीच उठली होती. ती म्हणाली, "कार्मेनच्या गळ्यातही होतं. बांद्र्याच्या जत्रेत आम्ही एकाच दुकानातून घेतली होती."

मग एक जण हळूच म्हणाली, "तिचं फादरकडून मंतरून घ्यायचं राहिलं असेल."

हे ऐकून पर्पेच्युआला ओरडावंसं वाटलं. पण अंगात बळ नव्हतं आणि घरात सासू रडत होती. सेराफिनाचा कॉस्मस हा एकुलता एक मुलगा. तो गेल्यापासून तिला एकच आधार उरला होता: देवाने सून परत दिली, म्हणजे देवाच्या मनात काहीतरी आहे. ती रोज सुनेच्या पदकाला हात लावून तो हात कपाळाला लावायची. पर्पेच्युआ लावू द्यायची.

मग बायका आजारी पोरं घेऊन यायला लागल्या. एका पोराचा ताप तिने हात ठेवल्यावर उतरला. ताप तसाही उतरायचाच होता, पण ही बातमी पार मालाडच्या बाजारापर्यंत गेली. हिंदू बायकाही येऊ लागल्या. ओट्यावर मेणबत्त्या पेटल्या. सेराफिना सगळ्यांना पाणी द्यायची, बसायला जागा द्यायची, आणि तेवढा वेळ तिचं रडणं थांबायचं. त्या एका गोष्टीसाठी पर्पेच्युआ ओट्यावर बसून राहिली.

एके दिवशी रुक्मिणी आली. मालाडच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी, घशाला सूज, श्वास घेताना करवतीसारखा आवाज.

"डॉक्टरकडे ने हिला," पर्पेच्युआ म्हणाली.

"तिथूनच आले. ते म्हणाले, आता देवाला विचारा." रुक्मिणीने मुलीला पुढे केलं. "माय, तू फक्त हात ठेव."

पर्पेच्युआने हात ठेवला. पोरीचं कपाळ चटका बसावा इतकं तापलं होतं.

मुलगी त्याच आठवड्यात गेली. थोड्या दिवसांनी रुक्मिणी पुन्हा आली तेव्हा तिची कड रिकामी होती. हातात खण आणि नारळ होता. तिने तो पर्पेच्युआच्या पायाशी ठेवला.

"हे काय?"

"माफी मागायला आले, माय. माझंच चुकलं. हात ठेवून घेताना माझ्या मनात आलं होतं की ही देवी आमची नाही, ती आमचं कशी ऐकेल. तेवढी शंका आली मनात. म्हणून पोर गेली."

या बाईचं मूल घशाच्या रोगाने मेलं होतं, आणि ती मान खाली घालून त्याची माफी मागायला आली होती. पर्पेच्युआला जे वाटलं ते दुःख नव्हतं. तो राग होता, आणि तो या बाईवर नव्हता.

तिने नारळ उचलून रुक्मिणीच्या हातात परत दिला. "ऐक. माझ्या हातात काही नाही. कधीच नव्हतं. मी पाण्यात पडले आणि एक फळी मला लागली. तुझ्या पोरीला फळी लागली नाही. बस, एवढंच. तू काही केलं नाहीस."

"मग कुणी केलं?"

"कुणीच नाही."

"आणि कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

रुक्मिणी ओट्यावर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. पर्पेच्युआ तिच्या शेजारी बसली. तिने तिला गप्प केलं नाही. रुक्मिणी गेल्यावर तिने ओट्यावरच्या मेणबत्त्या विझवल्या, गोळा केल्या आणि गळ्यातलं पदक काढून घरातल्या फळीवर ठेवून दिलं.

"हे काय मांडलंयस?" सेराफिना आतून धावत आली.

"संपलं, आय. उद्यापासून कोणी यायचं नाही."

"देवाने तुला वाचवलं गं! तुला! आणि तू..."

"मला त्याने वाचवलं, तर कॉस्मसला कुणी बुडवलं?" पर्पेच्युआने विचारलं. "बोलायचं तर दोन्ही एकदम बोल. एक त्याच्या नावावर आणि दुसरं कुणाच्याच नाही, असं मला चालणार नाही."

सेराफिनाचा हात उठला, पण तो सुनेच्या गालापर्यंत पोचला नाही. ती आत गेली आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलायची बंद झाली. जेवण करून झाकून ठेवायची, आणि बाहेर जाऊन बसायची.

आठवड्याने फादर इग्नेशियस आले. सडपातळ, हळू बोलणारे, गावातले बहुतेक बाप्तिस्मे त्यांच्याच हातचे. ते खुर्चीत बसले, हातातली टोपी फिरवत.

"देवाचे बेत आपल्याला दिसत नाहीत, पर्पेच्युआ."

"तुम्हाला दिसतात का?"

"नाही."

"मग रविवारी देवळात मिस्सेला उभं राहून तसं सांगा. म्हणा, होडी का उलटली ते मला माहीत नाही. ही का वाचली ते मला माहीत नाही. लोक तुमचं ऐकतात."

फादरनी टोपी मांडीवर ठेवली. "मी तसं म्हटलं तर ही माणसं रात्री कशाच्या आधारावर झोपतील?"

"मी झोपते तशी," पर्पेच्युआ म्हणाली. "कमी."

फादरनी त्या रविवारी धीराविषयी सांगितलं. होडीचं नाव काढलं नाही.

पण खरी गाठ इसिडोरशी होती. इसिडोर सेराफिनाचा भाऊ, म्हणजे पर्पेच्युआचा मामेसासरा. गावातलं मोठं शेत त्याचं, आणि त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. कार्मेन त्याचीच मुलगी. तिला पुरल्यापासून त्याने दाढी केली नव्हती. त्याने ठरवलं होतं की धक्क्यावर दगडी क्रूस उभारायचा. त्यावर अक्षरं कोरायची: माऊलीच्या कृपेने येथे एक जीव वाचला. ऑक्टोबरात आगेरा, नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा सण. त्या दिवशी देवळातून मिरवणूक निघेल आणि क्रूसावरचं कापड पर्पेच्युआ काढेल.

"मी नाही काढणार, मामा," ती म्हणाली.

"तुला काही करायचं नाही, पोरी. बोलायचंही नाही. तू नुसती उभी राहा."

"आणि कार्मेनचं नाव? तिथे बुडालेल्यांची नावं?"

इसिडोर एकदम खाली बसला. "त्या दगडावर मला मरण नको. माझी पोर गेली. ती उगीच गेली असं मला ऐकवत नाही. एवढी माणसं घेऊन त्याने एकीला ठेवलं, ते कशासाठी तरी ठेवलं असेल. मला तेवढंच बघू दे."

पर्पेच्युआला त्याची दया आली. हो म्हणणं किती सोपं होतं. पण मग तिला नारळ घेऊन आलेली रुक्मिणी दिसली.

"कार्मेन उगीच गेली, मामा," ती म्हणाली. "आणि मी उगीच राहिले. मला तिची आठवण तुमच्याइतकीच येते. पण मी तिच्या मरणाचा खांब होऊन उभी राहणार नाही."

इसिडोर उठला. "खाडीचं पाणी डोक्यात गेलंय तुझ्या," तो म्हणाला, आणि त्यानंतर तो या घरात आला नाही.

"नुसती उभी राहा," हे शब्द तिला टोचत होते. खाडीतही ती नुसतीच होती. पाण्याने तिला हवं तिकडे नेलं, फळीने अडवलं, चिखलाने धरलं. आणि आता गाव तिला धरत होतं. यात तिचं स्वतःचं काय होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिने परसातला तेलाचा रिकामा डबा घेतला, त्याचं तोंड लाखेने बंद केलं, सुंभाने पाठीला बांधला आणि लुगड्याचा कासोटा घट्ट मारून गावच्या तळ्यात उतरली.

धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातातले कपडे तसेच राहिले.

"काय करतेस गं?"

"पोहायला शिकते."

विधवा बाई, नवरा जाऊन तीन महिनेही झाले नाहीत, आणि तळ्यात पाय मारते! गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पण खरा संताप वेगळाच होता. तो इसिडोरने देवळाबाहेर उघड बोलून दाखवला. "माऊलीने जिला वाचवलं ती पोहायला शिकते, म्हणजे काय? पुन्हा बुडाली तर माऊली येणार नाही, असंच ना? हा माऊलीचा अपमान आहे."

कुणीतरी तिला हे येऊन सांगितलं. ती केस पिळत म्हणाली, "त्यांना सांग, माऊलीला पुन्हा त्रास नको म्हणून शिकते."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर इसिडोरचे दोन गडी उभे होते. तळं गावाचं आहे, ते बाटवायचं नाही, असा निरोप होता. पर्पेच्युआने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने डबा उचलला आणि खाडीकडे चालायला लागली. तिथे कोणाचा हुकूम चालत नव्हता.

धक्क्यापासून जरा लांब तिवरांमध्ये खाडीचा एक फाटा आत शिरला होता. भरतीला तिथे छातीभर पाणी यायचं. पहिल्या दिवशी पाण्याचा वास नाकात गेला. ती काठावर येऊन ओकली. मग पुन्हा उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाकातोंडात खारं पाणी जायचं, पायाला कालवं कापायची. गावात तिला कोणी हाक मारत नव्हतं, दुकानदार हातात माल न देता फळीवर ठेवायचा, आणि घरी झाकलेलं जेवण. ती खायची, झोपायची आणि भरती बघून परत जायची.

एका सकाळी काठावर रुक्मिणी उभी होती.

"तू इकडे कशी?"

"घरात बसवत नाही," रुक्मिणी म्हणाली. "सगळी म्हणतात, दुसरं होईल. बाजारात ऐकलं की तू खाडीत उतरतेस." तिने पाण्याकडे भीतीने पाहिलं. "कॉस्मसभाऊंना पोहता येत होतं ना?"

"चांगलं."

"तरी बुडाले."

"तरी बुडाला."

"मग तू कशाला शिकतेस?"

पर्पेच्युआने तोंडावरचं पाणी पुसलं. "बुडायचंच असलं तरी हात मारत बुडेन. फळीची वाट नाही बघणार."

रुक्मिणीने पायातल्या वहाणा काढल्या, पर्पेच्युआच्या कमरेच्या दोराचं तिवराला बांधलेलं टोक सोडलं आणि आपल्या कमरेभोवती गुंडाळलं. "मी धरते हे टोक. तू जा पुढे."

त्या दिवसापासून जमेल तेव्हा ती येऊ लागली. दोघी फारसं बोलत नसत. कधी रुक्मिणी मुलीबद्दल सांगायची, तिला चिंच किती आवडायची, ते. पर्पेच्युआ पाण्यातून ऐकायची. नारळी पौर्णिमेनंतर खाडी निवळली. डबा सुटला. नंतर दोरही सुटला, आणि एके दिवशी पर्पेच्युआ फाट्यातून बाहेर, मोठ्या पाण्यात गेली आणि परत आली. रुक्मिणीने काठावर टाळ्या वाजवल्या आणि मग लाजून हात पदराखाली लपवले.

आगेराचा रविवार उजाडला. भाताच्या लोंब्या, बँड, पोरींच्या केसांत अबोली. मिस्सा झाल्यावर मिरवणूक धक्क्याकडे निघाली. पुढे फादर, मग पांढऱ्या दाढीचा इसिडोर, मग हातात मेणबत्ती घेतलेली सेराफिना. क्रूसावर निळं कापड होतं. ते काढायला शेवटी एका लहान मुलीला उभं केलं होतं.

भरती पुरी झाली होती. पाणी काठोकाठ भरून थबकलं होतं, पुढेही जात नव्हतं आणि मागेही. पर्पेच्युआने हीच वेळ धरली होती. मिरवणुकीसाठी नव्हे. त्या दिवशी भरती त्या वेळेला होती, आणि पलीकडे जायचं तर थांबलेल्या पाण्यातच जाता येणार होतं. पण लोक येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिने दुसरा दिवस निवडला नाही.

गाणं मध्येच तुटलं. "ती बघा!" कोणीतरी ओरडलं.

खाडीत एक डोकं पुढे सरकत होतं. एक हात बाहेर यायचा, मग दुसरा.

"बाहेर काढा तिला!" इसिडोर गरजला. "आज! आजच्या दिवशी! होडी घाला पाण्यात!"

दोन तरुण होडीकडे धावले. सेराफिना मात्र गर्दीतून पुढे आली आणि होडीच्या दोरावर पाय देऊन उभी राहिली. मेणबत्ती अजून तिच्या हातात होती.

"हिला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"सेराफिन, ती बुडेल!"

"तुम्हीच म्हणता ना, माऊली बघते तिच्याकडे?" सेराफिना म्हणाली. "मग बघू द्या. आणि बघत नसेल, तर तिला तिचे हात आहेत."

बँडवाल्यांनी वाद्यं खाली घेतली होती. सगळं गाव काठावर उभं राहून पाण्यातल्या त्या डोक्याकडे बघत होतं.

मध्यावर पर्पेच्युआचा दम संपला. खांदे दगड झाले होते. ती पाठीवर वळली, तशी वर नुसतं पांढरं आभाळ होतं. त्यात काही नव्हतं. तिला हाक मारणारं कोणी नव्हतं, आणि धरणारंही. या विचाराने तिला घाबरायला हवं होतं, पण तिला उलट मोकळं वाटलं. ती पुन्हा पालथी झाली आणि हात मारू लागली.

पलीकडच्या चिखलात तिचे गुडघे टेकले तेव्हा ती रांगत वर आली आणि पडून राहिली. जाळी सुकवणारी एक कोळीण येऊन बघू लागली.

"होडी कुठाय तुझी?"

"होडी नाही."

"पोहत आलीस? आज कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. आले."

कोळणीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग ती झोपडीत गेली आणि भाकरी आणि सुकट घेऊन आली. पर्पेच्युआने चिखलाच्या हातांनीच खायला सुरुवात केली. इतकी भूक तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. गावच्या काठावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. निळं कापड निघालं होतं. गाणं पुन्हा सुरू झालं होतं, अर्धवट ऐकू येत होतं.

ओहोटी लागल्यावर गावाकडून एक होडी या काठाला आली. तीत सेराफिना होती. मे महिन्यापासून ती होडीत बसली नव्हती. तिने काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि मांडीवर सुकं लुगडं होतं.

"हे नेस," ती म्हणाली. कित्येक महिन्यांतला तिचा सुनेशी हा पहिला शब्द.

पर्पेच्युआ लुगडं नेसून होडीत बसली. नावाडी वल्ही मारू लागला. ओहोटीचं पाणी होडीला समुद्राकडे ओढत होतं आणि सेराफिना डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मध्यावर तिने डोळे उघडले.

"इसिडोर म्हणतो, तुला गावाबाहेर काढीन."

"मी जाणार नाही."

"माहीत आहे." सेराफिनाने होडीचा काठ सोडला. "उद्या परत पाण्यात जाणार?"

"जाणार."

"मर मग," सेराफिना म्हणाली, आणि आपल्या पदराने सुनेचं ओलं डोकं खसाखसा पुसू लागली.